जुनी व्हॅन, गॅरेज आणि आपला खिसा

अमेरिकेतल्या मराठी घराचा इतिहास कुणी लिहायला घेतला, तर त्यात एक प्रकरण व्हॅनवर लिहावं लागेल. नवं लग्न झालेल्या जोडप्याला छोटी कोरोला किंवा सिव्हिक पुरते. दुसरं मूल झालं आणि आई-वडील सहा महिन्यांसाठी राहायला आले, की दारात व्हॅन येते. मग त्याच व्हॅनमधून मराठी शाळेची पोरं जातात, गणपतीची आरास जाते, नाटकाचा पडदा जातो, पन्नास माणसांच्या मसालेभाताचं पातेलं जातं. पुण्याकडच्या वाचकांना आकुर्डीच्या बजाज टेम्पोची मॅटाडोर आठवत असेल. तिचं तिथे जे स्थान होतं, तेच इथे मिनीव्हॅनचं. क्रायस्लरने १९८३ च्या अखेरीस पहिली मिनीव्हॅन बाजारात आणली आणि तेव्हापासून ती आपल्या संसाराला चिकटली ती चिकटलीच.

व्हॅन दहा-बारा वर्षांची झाली की कर्ज फिटलेलं असतं, विम्याचा हप्ता उतरलेला असतो आणि सीटवर डाग पडले तरी जीव जळत नाही. खरं सुख तेव्हाच सुरू होतं. पण नेमक्या याच वयात तिला गॅरेजची पायरी वारंवार चढावी लागते. गॅरेजवाल्याला हे चांगलं माहीत असतं, की जुनी व्हॅन घेऊन आलेल्या माणसाला मुलांना आणायचं असतं, सासूबाईंची डॉक्टरची वेळ असते आणि घरात पर्यायी गाडी नसते. अडला हरी गाढवाचे पाय धरी. या स्तंभात आपण आयुर्विमा, कोलेस्टेरॉल, मुलांच्या कॉलेजचे पैसे याबद्दल नेहमी वाचतो. घरच्या अंदाजपत्रकातली ही गळती मात्र कुणाच्या हिशेबात नसते. गेल्या काही वर्षांत मला आणि ओळखीच्या मंडळींना जे अनुभव आले, ते इथे मांडते आहे.

आधी हे सांगायला हवं, की सगळे गॅरेजवाले लबाड नसतात. पण धंद्याची रचनाच अशी आहे की प्रामाणिक माणसाचाही पाय घसरावा. बहुतेक ठिकाणी मेकॅनिकला घड्याळाच्या तासांप्रमाणे पैसे मिळत नाहीत. कुठल्या कामाला किती तास लागावेत याचं एक ठरलेलं कोष्टक असतं. कोष्टकात तीन तास लिहिले असतील आणि त्याने काम दीड तासात उरकलं, तरी आपल्याला बिल तीन तासांचं येतं आणि त्यालाही मजुरी तीन तासांची मिळते. यात बेकायदा काही नाही. पण याचा अर्थ असा, की शांतपणे डोकं चालवून दोष शोधण्यात त्याला फारसं काही मिळत नाही, भाग काढून नवा बसवण्यात मिळतं. त्यावर विक्रीचं कमिशन चढलं, की संपलंच.

कमिशनचं सर्वांत गाजलेलं उदाहरण सीअर्सचं. जून १९९२ मध्ये कॅलिफोर्नियाच्या ब्युरो ऑफ ऑटोमोटिव्ह रिपेअरने सीअर्सच्या राज्यातल्या ७२ ऑटो सेंटरांवर ठपका ठेवला. ब्युरोची माणसं साधी गिऱ्हाइकं बनून गाड्या घेऊन गेली होती आणि गरज नसलेली कामं त्यांच्या गळ्यात मारली गेली होती. अमुक इतके शॉक, इतक्या अलाइनमेंट खपवल्याच पाहिजेत असे कोटे कर्मचाऱ्यांना ठरवून दिलेले होते, हे तेव्हा बाहेर आलं. त्याच वर्षी तडजोड झाली, ठरावीक कामं करून घेतलेल्या गिऱ्हाइकांना ५० डॉलरची कुपनं मिळाली. ज्या दुकानातून आपल्या लोकांनी विश्वासाने फ्रीज आणि वॉशिंग मशीन घेतली, त्याची ही कथा! आणि दुखणं तेव्हाही जुनंच होतं. १९४१ साली रीडर्स डायजेस्टने दोन माणसांना एक ठणठणीत गाडी देऊन देशभर पाठवलं होतं. गॅरेज आलं की ते इंजिनची एक वायर मुद्दाम सैल करून आत जायचे. ३४७ गॅरेजं झाली आणि त्यांतल्या ६३ टक्के ठिकाणी त्यांना या ना त्या प्रकारे फसवलं गेलं.

आता घरची गोष्ट. आमची व्हॅन २००६ ची. कंपनी कुठली ते महत्त्वाचं नाही. २०१७ साली ग्रँड रॅपिड्सच्या बी.एम.एम. अधिवेशनाला आम्ही सात जण तिच्यातून गेलो होतो आणि तिने वाटेत हूं की चूं केलं नव्हतं. जून २०१९ मध्ये एका दुपारी ती दुसऱ्या गिअरमध्ये अडकली. इंजिन नुसतं गुरगुरायचं, वेग ताशी तीस-पस्तीस मैलांच्या वर जाईना. ओडोमीटरवर १,३८,००० मैल झाले होते. ह्यांची नोकरी फिरतीची, ते तेव्हा टेक्ससमध्ये होते. घरी सासू-सासरे आणि दोन मुलं. मी ती हळूहळू चालवत जवळच्या गॅरेजमध्ये नेली.

काउंटरवरच्या माणसाने वीस मिनिटांत निकाल दिला, "ट्रान्समिशन गेलं. रीबिल्ट बसवावं लागेल. २,९०० डॉलर. आज सही केलीत तर दोनशे कमी करतो."

मी हिशेबनीस आहे. "आज सही केलीत तर" हे शब्द ऐकले की मी पेन पर्समध्ये ठेवते. मी त्याला विचारलं, की कॉम्प्युटरने कुठला कोड दाखवला? तो म्हणाला, "मॅडम, कोडवरून तुम्हाला काही कळणार नाही." म्हटलं, मला न कळेना का, कागदावर तर लिहून द्या. तपासणीचे १२० डॉलर मी भरले आहेत, तेव्हा तपासणीचा निष्कर्ष माझा आहे. बरीच कुरकुर झाली, आतल्या माणसाशी बोलणं झालं आणि अखेर कागद मिळाला. त्यावर होतं पी-०७१५.

तो कागद घेऊन मी दुसऱ्या दिवशी फक्त ट्रान्समिशनचंच काम करणाऱ्या एका म्हाताऱ्या मेकॅनिककडे गेले. त्याने कोड वाचला, स्वतःच्या यंत्रावर पुन्हा तपासला, ऑइल बोटावर घेऊन हुंगलं. जळका वास नव्हता, रंग लाल होता. तो म्हणाला, ट्रान्समिशनच्या बाहेरच्या अंगाला एक स्पीड सेन्सर असतो, तो गेलाय. सेन्सर ३८ डॉलर, मजुरी आणि थोडं ऑइल धरून एकूण २१४ डॉलर. व्हॅन संध्याकाळी घरी आली आणि त्यानंतर तीन वर्षं त्याच ट्रान्समिशनवर चालली.

हे प्रकरण थोडं खोलात सांगते, कारण याच ठिकाणी सर्वांत जास्त पैसे जातात. व्हॅनमधल्या कॉम्प्युटरला ट्रान्समिशनच्या सेन्सरकडून वेडावाकडा आकडा आला, की तो सावधगिरी म्हणून ट्रान्समिशनला एकाच गिअरमध्ये डांबून ठेवतो. हेतू चांगला असतो, की तुम्ही कसेबसे घरी पोचावं. इथे याला लिंप मोड म्हणतात, लंगडत चालणं. क्रायस्लरने १९८९ च्या मॉडेलपासून जे इलेक्ट्रॉनिक नियंत्रणाचं चार गिअरचं ट्रान्समिशन आणलं, त्यापासून मिनीव्हॅनवाल्यांना हा शब्द पाठ झाला. त्या ट्रान्समिशनमध्ये सुरुवातीला खरेच दोष होते, पण त्याची एवढी बदनामी झाली, की व्हॅन लंगडायला लागली की "ट्रान्समिशन गेलं" म्हणणं सोपं झालं. गिऱ्हाईकही मान डोलवायचं, कारण त्याने शेजाऱ्याकडून तेच ऐकलेलं असायचं. भरीत भर म्हणजे त्याला विशिष्ट प्रकारचंच ऑइल लागायचं, आणि पुष्कळ गॅरेजांत पिंपातलं सगळ्या गाड्यांना चालणारं डेक्सरॉन ओतलं जायचं. आज धडधाकट असलेलं ट्रान्समिशन अशाने उद्या खरंच बिघडतं. म्हणून गाडी कुठल्याही कंपनीची असो, ऑइल बदललं की बिलावर ऑइलचं नेमकं नाव लिहायला सांगावं. व्हॅनसोबतच्या पुस्तकात ते दिलेलं असतं, ताडून पाहायला दोन मिनिटं लागतात.

व्हॅनची आणखी एक शारीरिक अडचण आहे. तिचं नाक आखूड आणि त्यात सहा सिलिंडरचं इंजिन आडवं बसवलेलं. त्यामुळे तीन स्पार्क प्लग समोर दिसतात, हात घातला की निघतात. उरलेले तीन मागे भिंतीला चिकटून असतात. तिथे पोचायला कोपरं सोलून निघतात, काही मॉडेलांत वरचं झाकणच उतरवावं लागतं. आता मजुरी सहा प्लगची मिळणार असेल आणि मागचं कुणी बघणार नसेल, तर काय होत असेल याची कल्पना वाचकांनी करावी. २०२० च्या मार्चमध्ये, सगळं बंद व्हायच्या थोडं आधी, मी एका दुकानात प्लग बदलायला दिले आणि काम देतानाच कागदावर लिहून घेतलं, "जुने प्लग परत हवेत." संध्याकाळी पिशवीत तीन प्लग मिळाले. विचारलं, बाकीचे तीन? "कचऱ्यात गेले असतील." म्हटलं, मग टॉर्च द्या, मागचे नवे बसवलेले मला बघू द्यात. मी टॉर्च घेऊन वाकले, तर मागच्या वायरींवरची धूळसुद्धा हललेली नव्हती. मॅनेजरने आवाज न करता व्हॅन पुन्हा आत घेतली. दुसऱ्या दिवशी मला उरलेले तीन प्लग मिळाले, झिजून टोकं गोल झालेले.

तिसरं दुखणं मागच्या एअर कंडिशनरचं. मोठ्या व्हॅनमध्ये मागच्या सीटवाल्यांसाठी वेगळा गारवा असतो. त्याच्या ॲल्युमिनियमच्या नळ्या गाडीच्या पोटाखालून जातात. आमच्या मिशिगनमध्ये हिवाळाभर रस्त्यावर मीठ ओततात. डेट्रॉइट शहराच्या पोटातच, हजार फुटांहून खोल, मिठाची खाण आहे, तेव्हा मिठाला तोटा नाही! त्या मिठाने नळ्या कुरतडल्या जातात, गॅस गळतो आणि पुढचाही गारवा बंद पडतो. ट्रॉयच्या एका मराठी कुटुंबाला सगळी यंत्रणा बदलायचे १,८०० डॉलर सांगितले गेले. व्हॅनची बाजारातली किंमतच तेव्हा २,५०० होती. म्हणजे चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला. त्यांनी दुसऱ्या ठिकाणी विचारल्यावर कळलं, की मागच्या नळ्या बंद करून फक्त पुढचा गारवा चालू ठेवता येतो. खर्च साडेतीनशेच्या आत आला. मागे आजी बसतात त्यांना थोडं उकडतं खरं, पण आजींनीच सांगितलं, "पंढरपूरच्या एस.टी.त कुठे होतं एअर कंडिशनर?"

आता कायद्याकडे वळू. इथे राज्याराज्यांत फार फरक आहे, हे नव्याने आलेल्यांना माहीत नसतं. मिशिगनमध्ये १९७४ चा कायदा आहे. गॅरेजची नोंदणी सेक्रेटरी ऑफ स्टेटकडे हवी, म्हणजे जिथे आपण लायसन्स काढतो तिथेच. मेकॅनिकही राज्याने प्रमाणित केलेला हवा, खर्चाचा अंदाज लेखी हवा आणि त्यापेक्षा बराच जास्त खर्च होणार असेल तर आधी तुमची संमती हवी. कॅलिफोर्नियात सीअर्सच्या मागे लागलेला तो ब्युरो १९७२ पासून आहे. न्यूयॉर्कमध्ये गॅरेजविरुद्ध मोटार खात्याकडे तक्रार करता येते, पण दुरुस्तीपासून ९० दिवस किंवा ३,००० मैल, जे आधी होईल त्याच्या आत. कित्येक राज्यांत मात्र गॅरेज उघडायला परवानाच लागत नाही. तिथे निळ्या चाकाची ए.एस.ई.ची खूण हा थोडासा आधार. १९७२ मध्ये सुरू झालेली ही परीक्षा ऐच्छिक आहे, दर पाच वर्षांनी पुन्हा द्यावी लागते आणि प्रमाणपत्र मेकॅनिकचं असतं. दाराबाहेर पाटी लावलेली असली तरी तुमच्या व्हॅनखाली झोपलेल्या माणसाने ती परीक्षा दिली आहे का, हे विचारायला लाजू नये.

बिलावरून भांडण झालं तर व्हॅन तिथे सोडून तणतणत निघून येण्यात शहाणपण नाही. पैसे मिळेपर्यंत गाडी अडवून ठेवण्याचा हक्क गॅरेजला बहुतेक राज्यांत असतो, आणि वर रोजचं जागाभाडं चढतं ते वेगळंच. त्यापेक्षा बिलावर "तक्रार राखून पैसे भरत आहे" असं लिहून क्रेडिट कार्डाने पैसे भरावेत. रोख तर देऊच नयेत. न झालेलं काम बिलात असेल, तर १९७४ च्या केंद्रीय कायद्याने कार्ड कंपनीकडे लेखी तक्रार करता येते. स्टेटमेंट आल्यापासून ६० दिवसांत ती जायला हवी. त्यानेही भागलं नाही तर छोट्या दाव्यांचं कोर्ट आहे. मिशिगनमध्ये त्याची मर्यादा २०२४ पासून ७,००० डॉलर आहे आणि तिथे दोन्ही बाजूंना वकील नेता येत नाही, ही आपल्यासारख्यांच्या सोयीचीच गोष्ट. मात्र न्यायाधीश कागद मागतो. तोंडी दिलेल्या अंदाजाला तिथे कवडीची किंमत नाही.

काही दुरुस्त्या फुकटही असतात, आणि तिथेही लोक पैसे भरून येतात. सुरक्षिततेच्या दोषासाठी कंपनीने गाड्या परत बोलावल्या तर ते काम कंपनीच्या डीलरकडे विनामूल्य होतं. आधी ही सक्ती दहा वर्षं जुन्या गाड्यांपर्यंत होती, २०१५ च्या कायद्याने ती पंधरा वर्षांवर गेली. गाडीचा सतरा अक्षर-आकड्यांचा क्रमांक केंद्र सरकारच्या वाहतूक सुरक्षा खात्याच्या संकेतस्थळावर घातला, की तुमच्या व्हॅनचं असं काम शिल्लक आहे का ते कळतं. जुनी व्हॅन दुसऱ्याकडून घेतलेली असेल तर हे नक्की करावं, कारण कंपनीची पत्रं बहुधा जुन्या मालकाच्या पत्त्यावर गेलेली असतात.

हे पान आरोग्याचंही आहे, म्हणून एक गोष्ट आवर्जून सांगते. फसवणुकीच्या भीतीने काही मंडळी दुसऱ्या टोकाला जातात आणि गॅरेजवाला काहीही म्हणाला तरी ते खोटंच मानतात. ब्रेक, स्टिअरिंग, टायर आणि एक्झॉस्ट यांच्या बाबतीत हे जिवावर बेतू शकतं. जुन्या व्हॅनचा एक्झॉस्ट पाइप गंजून मधेच फुटतो, मागच्या दाराचं रबर आकसलेलं असतं आणि धूर आत येतो. त्यातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. लांबच्या प्रवासात मागे बसलेल्या मुलांचं डोकं दुखायला लागलं, मळमळलं, आणि खाली उतरून मोकळ्या हवेत आल्यावर बरं वाटलं, तर प्रत्येक वेळी ते गाडी लागणं नसतं. अशा वेळी लगेच गाडी थांबवून सगळ्यांना बाहेर काढावं आणि तपासून घेतल्याशिवाय ती चालवू नये. वयस्कर माणसांना आणि हृदयविकार असलेल्यांना हा वायू जास्त लवकर बाधतो. विजेवर सरकणारं दार बिघडलं तर ते हाताने ओढावं आणि सहाशे डॉलर वाचवावेत. एक्झॉस्टमध्ये वाचवू नयेत.

शेवटी प्रश्न उरतो तो हा, की जुन्या व्हॅनवर किती घालायचं? "गाडीच्या किमतीपेक्षा दुरुस्ती महाग असेल तर गाडी काढा," असं सरधोपट सांगितलं जातं. मला ते पटत नाही. तुलना जुन्या व्हॅनच्या किमतीशी नाही, तिच्या जागी जे येईल त्याच्या खर्चाशी करावी. नव्या गाडीचा सरासरी हप्ता अलीकडे महिन्याला सातशे डॉलरच्या वर गेला आहे. मी एका वहीत व्हॅनची प्रत्येक दुरुस्ती लिहीत असे. २०१९ ते २०२१ या तीन वर्षांत आमचा सगळा खर्च ३,४६० डॉलर झाला, म्हणजे महिन्याला शंभराच्या आत. वहीचा दुसरा फायदा असा, की "हे ऑइल कधीच बदललेलं दिसत नाही" असं कुणी म्हटलं, तर तारखेसकट पान उघडून दाखवता येतं. ती वही बघितल्यावर काउंटरवरच्या माणसाची भाषा बदलते, हे मी दोनदा पाहिलं आहे.

वहीतला आकडा वाढला म्हणून आम्ही व्हॅन काढली असं मात्र झालं नाही. एप्रिल २०२२ मध्ये टायर बदलायला गेले, तेव्हा त्याच म्हाताऱ्या मेकॅनिकने मला लिफ्टखाली बोलावलं. पुढच्या सबफ्रेमवर, म्हणजे इंजिन आणि चाकं ज्या सांगाड्यावर टेकलेली असतात त्यावर, त्याने स्क्रूड्रायव्हर टेकवला आणि नुसता दाबला. तो आरपार गेला. २०१० साली फोर्डने मिठाच्या प्रदेशातल्या १९९८ ते २००३ च्या विंडस्टार व्हॅन मागच्या अॅक्सलला गंजून तडे जातात म्हणून परत बोलावल्या होत्या, अमेरिका आणि कॅनडा मिळून पावणेसहा लाखांच्या आसपास. गंज किती खोल जातो ते त्यावरून कळावं. मी विचारलं, दुरुस्त होईल का? तो म्हणाला, "होईल, आणि मी पैसेही घेईन. पण तुझ्या सासऱ्यांना यात बसवू नकोस." टायरचं काम त्याने केलंच नाही. पाहणीचे पैसे विचारले तर हात हलवून नको म्हणाला.

भंगारवाल्यांपैकी पहिल्याने तीनशे सांगितले, तिसऱ्याने ४७५ दिले आणि व्हॅन स्वतः ओढून नेली. नंबरप्लेट आम्ही आधीच काढून ठेवली आणि मालकी बदलल्याच्या कागदाची प्रत जपून ठेवली. आता दारात २०१६ ची, दुसऱ्याकडून घेतलेली व्हॅन आहे. सौदा करण्याआधी १३० डॉलर देऊन ती त्याच मेकॅनिककडून तपासून घेतली. त्याने मागचे ब्रेक आणि एक गळकं सील लिहून दिलं, आणि तो कागद समोर ठेवल्यावर विकणाऱ्याने किंमत सहाशे डॉलरने उतरवली.